साठ कोयते

माझ्या एका बातमीमुळे सव्वीस माणसांना पोलिसांचा मार बसला, एका बाईचं मनगट मोडलं आणि तिचा नवरा तुरुंगात गेला. बातमी खोटी नव्हती. तिच्यातला माझा एकही शब्द चुकीचा नव्हता हे मी आजही सांगते. तरीही चूक माझी होती.

आमच्याकडे ऊसतोडणीत नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. नवरा तोडतो, बायको मोळी बांधते. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. माझे आईवडील पाथर्डीकडून दरवर्षी प्रवरेच्या पट्ट्यातल्या कारखान्यावर यायचे, तेही एक कोयता होते. ते तोडीला गेले की सहा महिने मला शाळेतले गुरुजी स्वतःच्या घरी ठेवून घ्यायचे, म्हणून मी शिकले. घराण्यातली पहिली पदवी माझी. पुढे एका दैनिकाच्या तालुका कार्यालयात वार्ताहर झाले. तिथल्या संपादकांनी मला लिहायला शिकवलं. वाक्य लहान लिही, विशेषण खोड, आकडा मोजून घे, एवढं त्यांनी सांगितलं आणि ते मला पुरलं. या दोघांचे उपकार मी विसरलेले नाही. पुढचं वाचताना ते कुणी विसरू नये.

त्या हिवाळ्यात आमच्या तालुक्याच्या गावात आंतरराष्ट्रीय कुस्ती स्पर्धा भरली. परदेशातून संघ येणार, मोठी चॅनेलं येणार. महिनाभर आधीपासून गाव घासूनपुसून काढायला सुरुवात झाली. दुभाजक रंगले. भटकी कुत्री गाडीत घालून नेली. कॉलेजच्या मुलींना नऊवारी आणि मुलांना फेटे वाटले. स्टेडियमच्या दारात लाल मातीचा हौद बांधला, त्यात हळद, ताक, लिंबू घालून माती मळली. कुस्त्या मात्र आत मॅटवर होत्या. हौदाच्या कडेला खुर्चीवर एका म्हाताऱ्या वस्तादांना फेटा बांधून बसवलं होतं. मी त्यांना विचारलं, "बाबा, इथं कुस्ती कधी लागणार?"

"लागायची न्हाई, बाळा. मला नुसतं बसायला सांगितलंय. मिशीला पीळ देत ऱ्हायचं."

"आणि माती?"

"तीबी बसलीय माझ्यासंगं."

हायवेवरून स्टेडियमकडे येणाऱ्या रस्त्याला ऊसतोड कामगारांचा तळ होता. पाचटाच्या आणि प्लॅस्टिकच्या कोप्या, त्यांच्यापुढे बांधलेले बैल, टायरगाड्या, चुली. या तळापुढे दोन पुरुष उंचीची हिरवी शेडनेट उभी केली. रोपवाटिकेवर घालतात तीच जाळी. बांबूला तारेनं आवळलेली, वर फ्लेक्स. फ्लेक्सवर नाकात नथ घातलेली एक बाई हात जोडून उभी, खाली इंग्रजीत स्वागत. तळावरचे मुकादम मला म्हणाले, "बघा ताई, आमच्या दारात पाहुणी आली. सगळ्या जगाला हात जोडती आन् आमच्याकडं पाठ करून उभी हाय."

तळावरच्या बायका पाण्याला रस्त्यापलीकडच्या नळावर जायच्या. जाळीनं ती वाट बंद झाली. मागच्या शेतातून वळसा घालून जा, असं त्यांना सांगितलं. दोन हंडे डोक्यावर घेऊन ढेकळांतून कोण वळसा घालणार? स्पर्धेच्या पहिल्याच दिवशी एका बाईनं कोयत्यानं जाळी उभी चिरली आणि त्यातून वाट केली. संयोजन समितीच्या मुलांनी संध्याकाळी ती तारेनं शिवली. सकाळी तिनं परत चिरली. ही बाई माझ्या आईच्या बरोबरीची, कितीतरी हंगाम शेजारच्या कोपीत राहिलेली. मी तिला मावशी म्हणते आणि तिच्या नवऱ्याला काका.

"मावशी, तुम्हाला धरतील."

"धरू दे की. हंडाबी धर म्हनावं."

स्पर्धेच्या चार दिवसांत त्या रस्त्यानं ऊस न्यायला बंदी होती, म्हणून तोड थांबलेली. सगळे तळावर बसून. दुसऱ्या दिवशी दुपारी मी लेख लिहिला. टीव्हीवर यजमान देशाचं जे चित्र दाखवतात ते कसं बनतं, कोण त्यात येतं आणि कुणाला बाहेर ठेवतात, असा विषय होता. मी टीव्हीचं सकाळचं प्रक्षेपण लक्ष देऊन पाहिलं होतं. आकाशातून घेतलेली दृश्यं, फेटे, हौदाशेजारचे वस्ताद, आणि निवेदक म्हणत होता, हा लाल मातीचा देश. ते मी लिहिलं. आणि सुरुवात अशी केली: "जाळीच्या आड साठ कोयते दोन दिवस बसून आहेत. काल त्यांनी जाळी कापली."

हे वाक्य लिहून मला फार आनंद झाला होता. साठ जोडपी असं मी लिहू शकले असते. लिहिताना क्षणभर मनात आलंही की शहरातल्या वाचकाला कोयता म्हणजे फक्त हत्यार माहीत आहे, तिकडे कोयता घेऊन फिरणाऱ्या टोळ्यांच्या बातम्या रोज येतात. पण साठ जोडपी म्हटलं तर वाक्य मऊ पडत होतं. कोयत्यात धार होती. मी ती ठेवली.

लेख मी मोबाईलवरून संपादकांना पाठवला, त्यांनी तो तसाच मुख्य कार्यालयाला धाडला. तिथं पान लावणाऱ्या माणसानं शेवटचे चार परिच्छेद काढले आणि लेखाची बातमी करून पहिल्या पानावर घेतली. मथळा होता: "स्पर्धेच्या वाटेवर साठ कोयते! सुरक्षा जाळी कापली".

सकाळी नऊ वाजता मी अंक घेऊन तळावर गेले. मथळ्यातला उद्गार मला खटकला होता, सुरक्षा हा शब्दही माझा नव्हता. पण पहिल्या पानावर माझं लिखाण पहिल्यांदाच आलं होतं आणि ते त्या लोकांना दाखवायची घाई झाली होती. चुलीपाशी बसून मी मोठ्यानं वाचलं. मावशी भाकरी थापता थापता ऐकत होत्या.

"साठ लिव्हलं व्हय? बरोबर हाय. मोजून साठच हायेत."

काका हसले. "आन् जाळी आमी कापली म्हनती. नाव न्हाई घातलं का तुझं?"

"घालायचं हुतं की. माझ्या माहेरी अंक धाडला असता."

त्यांच्याही कानाला काही वावगं लागलं नाही. आम्ही सगळे एकाच भाषेत वाढलेलो.

तेवढ्यात जाळीच्या पलीकडे गाड्या थांबल्या. मावशींनी केलेल्या चिरेतून पोलीस आत आले, पाठोपाठ आणखी आले, मग त्यांनी जाळी बाजूला ओढली. तीस-पस्तीस असतील. हेल्मेट, काठ्या, ढाली. माझ्या हातात मोबाईल होता. दुसऱ्या दिवशीच्या बातमीला उपयोगी पडेल म्हणून मी चित्रण सुरू केलं.

अधिकारी पुढे आले आणि मोठ्यानं ओरडले, "सगळे कोयते बाहेर! एकूण एक!"

रोज पहाटे मुकादम याच शब्दांत हाक मारतो. कोयते बाहेर, म्हणजे जोडप्यांनी आपलं हत्यार घेऊन कोपीबाहेर येऊन उभं राहायचं, मोजणी होते, मग उसाचे फड वाटून देतात. गेली कित्येक वर्षं ही माणसं त्या हाकेला उठून बाहेर आली आहेत. तोड सुरू झाली असं त्यांना वाटलं असावं, किंवा साहेबांना मोजणी करायची असेल असं. कोपीकोपीतून नवराबायको बाहेर पडले, हातात कोयते, आणि सवयीप्रमाणे रांग धरायला पुढे चालू लागले. मावशींनी हाताचं पीठ लुगड्याला पुसलं, कोयता उचलला आणि काकांशेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

पोलिसांनी जे पाहिलं तेही मी नंतर त्या चित्रणात पाहिलं. शे-सव्वाशे माणसं, प्रत्येकाच्या हातात पातं, काही न बोलता आपल्याकडे येत आहेत.

मला कळलं होतं. काय होतंय आणि कुणाला काय वाटतंय, ते त्या ठिकाणी फक्त मला एकटीला कळत होतं. मी ओरडले, थांबा म्हणाले, असं मला पुढे बरेच दिवस वाटत राहिलं. चित्रणात माझा आवाज नाही.

पहिली काठी मुकादमाच्या कानावर बसली. ते तसेच गुडघ्यावर आले. मग सगळीकडून काठ्या सुरू झाल्या. हाडावर काठी बसल्याचा आवाज वेगळा असतो, मांसावर बसल्याचा वेगळा, तो फरक मला त्या सकाळी कळला. एका माणसाचे पुढचे दात त्याच्याच हातावर पडले आणि तो ते मुठीत धरून पळाला. एक बाई मुलाला पोटाखाली घेऊन पालथी पडली होती, तिच्या पाठीवर दोघं मारत होते. कोप्यांचे बांबू लाथेनं पाडले. एक कोपी चुलीवर पडून पेटली. घोडेगावच्या बाजारातून आणलेला एक खिलार बैल दावं तोडून जाळीत घुसला, शिंगांत जाळी अडकली आणि बांबूंसकट सगळा पडदा ओढत तो रस्त्यावर गेला. फ्लेक्सवरची नथवाली बाई त्याच्या मागं फरफटत गेली.

"टाक खाली! कोयता टाक!" एक शिपाई मावशींवर ओरडत होता. मावशींनी टाकला नाही. तोडकरी आपला कोयता जमिनीवर टाकत नाही, धार जाते. त्यानं मनगटावर काठी घातली. ते मी तीन हातांवरून पाहिलं. हात मध्येच खाली लोंबला आणि कोयता पडला. त्या वाकल्या. त्यानं दुसरी काठी पाठीत घातली.

मग काकांनी वार केला. शिपायाच्या खांद्यावर, पात्यानं. खाकी शर्ट उघडला, आधी पांढरं दिसलं, मग रक्त आलं. तो शिपाई माझ्याहून लहान असेल. तो चुलीच्या राखेत बसला आणि आईला हाक मारू लागला. काकांवर पाच-सहा जण तुटून पडले. ते पडल्यानंतरही बराच वेळ मारत होते.

सगळं संपल्यावर समितीची मुलं आली. आधी जाळी उभी राहिली, मग ॲम्ब्युलन्स आली.

दुपारी मला स्टेडियममध्ये पत्रकार कक्षात बसायचं होतं. मी गेले. न जाण्याची हिंमत माझ्यात नव्हती, एवढंच त्याचं कारण. मावशींना उचलताना माझ्या ड्रेसला रक्त लागलं होतं. दारातल्या एका स्वयंसेवकानं ते पाहिलं, पाहुण्यांना द्यायच्या ढिगातलं एक भरजरी उपरणं काढलं आणि म्हणाला, "ताई, एवढं घ्या अंगावर. आत कॅमेरे हायेत." मी घेतलं. मॅटवर आमचा मल्ल आणि एक परदेशी मल्ल भिडले होते. डोकं डोक्यावर आपटलं आणि परदेशी मल्लाची भुवई फुटली. शिट्टी वाजली. कुस्ती थांबली. डॉक्टर धावले, जखम पुसली, पट्टी बांधली, मॅटवरचे थेंब औषध मारून पुसले. रक्त दिसलं की पंचांनी थांबवायचं, असा नियम आहे. मी वहीत निकाल लिहून घेतला.

टीव्हीवर संध्याकाळपासून एकच तुकडा फिरत होता. पोलिसांच्या कुणीतरी काढलेला. त्यात माणसं कोयते घेऊन येताना दिसतात, पुढे काकांचा वार दिसतो, मधलं काही नाही. खाली पट्टी: "यजमान देशाच्या प्रतिमेवर कोयत्याचा घाव". आधी बोलावलं कुणी, हे त्यात नव्हतं. दुसऱ्या दिवशीच्या चर्चेत बसलेल्या चौघांपैकी एकानंही कोयता म्हणजे काय असं विचारलं नाही.

माझ्या मोबाईलमध्ये ती हाक होती. संपादकांपुढे मी सगळं चित्रण ठेवलं. त्यांनी ते दोनदा पाहिलं, चष्मा काढून डोळे चोळले.

"अगं, जोडपी लिहायला काय झालं होतं?"

"सर, चुकले मी."

"मी पण चुकलो. मी तरी पुढे पाठवताना वाचायला हवं होतं." मग चष्मा परत लावत म्हणाले, "स्पर्धा संपू दे. मग खुलासा घेऊ."

स्पर्धा संपली. सातव्या पानावर चार ओळी आल्या: कोयता या शब्दाचा स्थानिक अर्थ ऊसतोडणी करणारे जोडपे असा आहे. मार बसल्याचा उल्लेख नव्हता. संपादकांचा मला राग येत नव्हता, आणि येत नव्हता याचाच त्रास होत होता.

पकडून नेलेल्या बाकीच्यांना पोलिसांनी दोन दिवसांत सोडलं. काका आत राहिले. सरकारी कामात अडथळा आणि जीवघेणा हल्ला. जमाव ठरवून चालून आला, असं पोलिसांचं म्हणणं होतं. काकांच्या वकिलांनी मला बोलावलं. हाक ऐकू येते का, विचारलं. येते म्हटलं. पेन ड्राइव्ह द्या म्हणाले.

त्याआधी मी मावशींना भेटायला सरकारी दवाखान्यात गेले. हात प्लॅस्टरमध्ये गळ्यात अडकवलेला. त्यांनी मला मोबाईल दाखव म्हटलं आणि शेवटपर्यंत पाहिलं.

"हे शेवटचं, ह्यांचा वार, काढून टाक."

"मावशी, तसं नाही करता येत."

"का न्हाई? त्या टीव्हीवाल्यांनी मधलं काढलं. तू मागचं काढ. फिटंफाट."

"मग माझ्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला?"

"तुला फरक पायजे व्हय?" त्या ओरडल्या. शेजारच्या खाटांवरच्या बायका बघू लागल्या. "मला मानूस पायजे! तुझ्या आईसंगं एका ताटात जेवलीय मी. तुला पाळन्यात घातलीय. तुझ्या लिव्हन्यानं हे झालं आन् तूच आता खऱ्याची झाली?"

त्यांनी डाव्या हातानं माझ्या थोबाडीत मारली. नर्स धावत आली. मी गाल धरून उभी होते आणि मला वाटत होतं की आणखी मारावी.

पेन ड्राइव्हवर मी सगळं दिलं. हाक, रांग, काठ्या, मनगट, वार. जबाबातही तसंच लिहून दिलं: वार मी पाहिला. हाक मी ऐकली. त्या हाकेचा अर्थ त्या लोकांच्या दृष्टीनं काय होतो, हेही सांगितलं, आणि शब्द आधी मी वापरला होता हेही. वकील म्हणाले, "मॅडम, थोडं कमी सांगितलं असतंत तरी चाललं असतं."

जामिनाच्या दिवशी कोर्टात ती हाक सर्वांनी ऐकली. जमाव चालून आला नव्हता, बोलावला म्हणून आला, हे मान्य झालं. जामीन मिळाला. वाराचा खटला मात्र उभा राहिला, तो अजून चालू आहे, आणि त्यात माझी साक्ष काकांच्या विरुद्ध जाईल असं वकील सांगतात.

काका बाहेर आले ते वाळून गेले होते. एका डोळ्याखाली अजून काळं होतं. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली मावशी बसल्या होत्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. काका मात्र माझ्याजवळ आले.

"पोरी, त्ये मला दाव."

मला वाटलं त्यांना स्वतःचा वार पाहायचा असेल. मी चित्रण लावून मोबाईल त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला. हाक आली, रांग आली, मुकादम पडले. मावशींच्या मनगटावर काठी बसली तिथं ते म्हणाले, "मागं घे." मी घेतलं. परत पाहिलं. परत मागं घ्यायला लावलं. मनगट, मग वाकणं, मग पाठीवरची दुसरी काठी. वारापर्यंत त्यांनी एकदाही जाऊ दिलं नाही. पाच-सहा वेळा पाहून झाल्यावर बोट स्क्रीनवर ठेवलं.

"हितं बघ. पह्यली बसली तवा मी नुसता उभा हाय."

"काका, तुम्हाला कळायच्या आत झालं सगळं."

"न्हाई. कळलं हुतं. दुसरी बसायच्या आत मारायला पायजे हुतं मी. उशीर केला."

ते अगदी शांतपणे म्हणाले. न्यायाधीशांपुढे पुढच्या तारखेला काकांचं हे बोलणंही मला विचारतील का, असं माझ्या मनात आलं, आणि विचारलं तर मी काय सांगेन ते मला ठाऊक होतं. काकांनी मोबाईल माझ्या हातात दिला. मावशी उठल्या, बरा हात त्यांच्या दंडाला लावला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "चला आता. टेम्पो जाईल."